वांग्याला शब्द नाही

दर रविवारी तीच माणसं एका खोलीत बसली, की किस्से साचत जातात. आमच्या सोपी मंडळात माणसं चारच, पण पक्ष दोन! त्यामुळे आमच्याकडे जरा जास्तच साचलेत.

सोपी ही भाषा आहे. वर्ध्याजवळच्या पिपरी मेघेतल्या एका रिटायर गुरुजींनी ती स्वतः बनवली. तिच्यात तू, तुम्ही, आपण असं काही नाही. लहानमोठ्या सगळ्यांना एकच शब्द. मी नववीतून शाळा सोडलेला, लोकांत तोंड न उघडणारा. कोणाला काय म्हणायचं ही भीतीच नसेल तर आपणही बोलू, असं वाटलं आणि समुद्रपूरहून एसटी पकडून यायला लागलो. शिवाय शेवटी परीक्षा होती, सर्टिफिकेट होतं. नववीनंतर माझ्या नावाचा एकही कागद घरात आला नव्हता. तो मला हवाच होता.

पण गुरुजी गेले, आणि मागे दोन गोष्टी राहिल्या: हातानं लिहिलेली पहिली वही आणि नंतरची सुधारलेली झेरॉक्स. दोन्ही जुळत नाहीत! ट्यूशन घेणारे झाडे सर वहीवाले. रिटायर नर्स वानखडेकाकू झेरॉक्सवाल्या. गुरुजींच्या पत्नी, माई, ज्यांच्या घरी आम्ही बसतो, त्या चहावाल्या.

*

पहिल्याच दिवशी सरांनी सोपीत विचारलं, "काम काय?"

मी वांगी लावतो, एवढंच सांगायचं होतं. वही पहिल्या पानापासून शेवटपर्यंत पाहिली. वांग्याला शब्दच नाही!

माई म्हणाल्या, "त्याईले वांग्यानं खाज सुटे. घरात येऊ देत नव्हते, तं वहीत कायले येऊ देतीन?"

काकूंनी लगेच झेरॉक्स पुढे केली. तिच्यात शब्द होता, पण समासात, पेनानं लिहिलेला.

"हे अक्षर कोणाचं?" सरांनी विचारलं.

"गुरुजीनं सांगतलं, मी लिवलं."

"मंग नाई चालत!" सर माझ्याकडे वळले. "अंकुश, तू असं कर. टमाटर लाव."

*

मीटिंगमध्ये फक्त सोपी बोलायची, हा नियम. एका रविवारी मीटिंग वहीतल्या नमस्कारानं सुरू करायची की झेरॉक्समधल्या, यावर दोघांची जुंपली. सर लालबुंद झाले, पण शब्द सापडेनात. शेवटी काकूच फुटल्या, "काऊन डोकं खाऊन राह्यले, सर?"

"नियम, बाई! सोपीत बोला!"

"सोपीत भांडाचे शब्द हायेत कुठं?"

खरंच नव्हते. गुरुजींनी ठेवलेच नव्हते. त्या दिवशी मंडळाचा आजवरचा एकमेव ठराव एकमतानं पास झाला: भांडण मराठीत करावं.

*

मग माईंच्या कपाटात एक कॅसेट सापडली. गुरुजींचा आवाज! सर म्हणाले, वही खरी की झेरॉक्स, आता फैसला होईल. टेपरेकॉर्डर मागून आणला. मी नखं खात बसलो, कारण माझी परीक्षा याच फैसल्यावर अडली होती.

गुरुजींनी घसा साफ केला. धडा सुरू केला. दुसऱ्याच वाक्यात थांबले आणि मोठ्यानं म्हणाले, "चहा झाला काय वं?"

पुढे टेप कोरी.

माई उठल्या आणि चहा ठेवायला गेल्या.

*

मी पहाटे तोडणी करताना सोपीची वाक्यं मोठ्यानं म्हणायचो. शेजारच्या ओळीत आई. ती शाळेत कधी गेली नाही, वही तिनं पाहिलेली नाही. ऐकून ऐकूनच बोलायला लागली!

हिंगणघाटच्या बाजारात एक गिऱ्हाईक एकेक वांगं दाबून पाहत होतं. आई मान खाली घालूनच मला सोपीत म्हणाली, "हा घेत नाही. उगाच वेळ खातो."

मी हसलो. गिऱ्हाईकानं दोघांकडे निरखून पाहिलं आणि प्रेमानं विचारलं, "हैदराबादहून आले काय बाप्पा?"

*

परीक्षा तीनदा पुढे ढकलली. तीनदा मी इस्त्रीचा शर्ट घालून आलो आणि तसाच परत गेलो. चौथ्यांदा दोघंही परीक्षक म्हणून बसायचं ठरलं. एका टेबलावर वही, दुसऱ्यावर झेरॉक्स. त्या दिवशी वर्ध्याला माल आणला होता, म्हणून आईही उरलेली टोपली घेऊन माईंच्या दारात टेकली.

पहिला प्रश्न सरांनी सोपीत विचारला, "काम काय?"

समासातला शब्द म्हटला तर सर नापास करणार. नाही म्हटला तर काकू. आणि शेतात वांग्याला आम्ही मायलेकं रोज जे म्हणतो, तेच तोंडातून निघून गेलं: "मी लुमा लावतो."

"लुमा?" सर ओरडले. "वहीत नाई!"

"माह्याकडंबी नाई!" काकू ओरडल्या. पहिल्यांदाच दोघं एका बाजूला!

"कोठून आणला हा शब्द?"

"आईचा आहे."

दोघांनी दाराकडे पाहिलं. आई टोपलीतली वांगी पदरानं पुसत होती.

सरांनी वही मिटली. खुंटीवरची पिशवी काढली, दारापर्यंत गेले, आईसमोर उकिडवे बसले आणि सोपीत म्हणाले, "अर्धा किलो लुमा दे."

आईनं मान वर न करता सोपीतच विचारलं, काटेरी की बिनकाट्याची?

सरांनी काकूंकडे पाहिलं. काकूंनी सरांकडे. मग दोघांनीही पेन काढलं आणि हे नवे शब्द लिहून घ्यायला माझ्याकडे पाहिलं.