मामाजी आणि भांड्यावरचा खार

रविवारी सकाळी चहा झाला की माझे सासरे धोतर गुडघ्यापर्यंत वर खोचत, सदऱ्याच्या बाह्या दुमडत आणि गरम पाण्याची बादली घेऊन संडासात शिरत. दार सताड उघडं ठेवून ते भांडं घासत. मेडशीत चांगली शेती असलेला, गावात चार लोकांनी सल्ला विचारावा असा हा माणूस; पण या कामात लपवण्यासारखं काही असतं, हे त्यांच्या गावीही नव्हतं. आमच्याकडच्या रीतीप्रमाणे मी त्यांना मामाजी म्हणायची.

मी कारंज्याहून लग्न होऊन मेडशीत आले, तेव्हा घरात बोअरचं पाणी होतं. इतकं खारं, की त्यात तुरीची डाळ धड शिजत नसे आणि पातेल्याच्या बुडाला पांढरी खपली धरे. संडासाच्या भांड्यावर तर त्याचा पिवळट, दगडासारखा थर चढला होता. रोज घासलं तरी तो ढिम्म हलत नसे. पाहुण्यांना ती घाणच वाटायची, आणि घाण म्हटली की ती सुनेच्या नावावर. आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, तोंडानं काही बोलत नसत. पाहुणे गेल्यावर एक उसासा टाकत, तेवढा पुरे व्हायचा.

थोरल्या लेकीच्या वेळी सातव्या महिन्यात माझं डोहाळजेवण ठरलं. गावातल्या बायका येणार म्हणून आदल्या दिवशी मी इरेला पेटले. भांड्यात ॲसिड ओतलं. थर निघेना, तेव्हा वरून ब्लीचिंग पावडर टाकली. ही दोन एकत्र आली की विषारी वाफ सुटते, हे मला ठाऊक नव्हतं. छाती कोंडली, डोळ्यांपुढे अंधारी आली. माझा खोकला ऐकून मामाजी अंगणातून धावत आले, दंडाला धरून त्यांनी मला बाहेर ओढलं आणि उघड्यावर बसवलं. जीप करून तालुक्याला, मालेगावला दवाखान्यात नेलं. बाळ सुखरूप आहे असं डॉक्टरीणबाईंनी सांगेपर्यंत ते भिंतीला टेकून उभेच होते.  घरी आल्यावर सगळ्यांसमोर म्हणाले, "सुनंदा, आजपासून त्या कामाले तू हात लावायचा नाही. ते काम आता माह्यं."

आत्याबाई कळवळल्या. लोक काय म्हणतील, आपल्यासारख्यांचं हे काम आहे का, असं त्या पुन्हा पुन्हा म्हणू लागल्या. मामाजींनी शांतपणे विचारलं, "मंग कोनाचं हाये? नाव घेऊन सांग मले." 

पुढचे कित्येक रविवार मामाजी त्या भांड्याशी झुंजले. आधी त्यांनी खुरप्यानं खरवडलं, तर भांड्यावर ओरखडे पडले आणि त्या ओरखड्यांत खार जास्तच धरू लागला. ते वैतागले. मग एकदा हळदीच्या वावरात ठिबकच्या बुजलेल्या नळ्या साफ करताना त्यांच्या डोक्यात आलं, की नळ्यांत बसतो तोच हा खार; तो घासून नाही, आंबट पाण्यानं विरघळून जातो. ॲसिड घरात आणायचं नाही, हे तर त्यांनी ठरवलंच होतं. मालेगावच्या किराणा दुकानातून ते लिंबूसत्वाची मोठी पुडी घेऊन आले. भांड्यातलं साचलेलं पाणी मग्ग्यानं उपसून टाकलं, गरम पाण्यात लिंबूसत्व विरघळवलं, त्यात जुन्या धोतराच्या चिंध्या भिजवल्या आणि त्या थरावर चिकटवून ठेवल्या. दुपारच्या जेवणानंतर चिंध्या काढून लाकडी पट्टीनं टोकरलं, तर खपल्या सुटू लागल्या. एका दिवसात सगळं निघालं नाही. पण ज्या रविवारी भांड्याचा तळ पांढरा दिसला, त्या दिवशी त्यांनी आत्याबाईंना हाताला धरून आणून तो दाखवला. "जोर लावून नाही निंघत," ते म्हणायचे, "त्याले भिजू द्या लागते." पुढे हे वाक्य ते भावकीतल्या भांडणांनाही लावू लागले, आणि तिथंही ते बरेचदा लागू पडायचं.

गावात चर्चा झालीच. एकदा एसटी स्टँडजवळच्या चहाच्या टपरीवर भावकीतल्या एकानं चार लोकांत विचारलं, की आता साऱ्या गावाचे संडास ठेक्यानं घेता काय. मामाजींनी बशीतला चहा संपवला आणि म्हणाले, "घर माह्यं, घान माही, हातही माह्येच. तुले काहून लाज वाटून राह्यली?" हे घरी येऊन त्यांनी नाही, त्याच माणसानं आम्हाला सांगितलं.

एवढं असूनही त्यांच्या या नादापायी मला एकदा मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. माझ्या भावाच्या लग्नाला ते कारंज्याला आले. हळदीच्या गडबडीत व्याही दिसेनात म्हणून शोधाशोध झाली, तर ते माझ्या माहेरच्या संडासात, नव्या सदऱ्याच्या बाह्या सारून. लिंबूसत्वाची पुडी ते मेडशीहूनच खिशात घालून आले होते. माझे वडील हात जोडून उभे राहिले. मामाजी मान वर न करता म्हणाले, "व्याही, तुमचं पानी तं आमच्याहून खारं हाये." आईनं त्यानंतर कितीतरी वर्षं ही गोष्ट सांगितली. सुरुवातीला लाजून सांगायची, नंतर अभिमानानं.

मागच्या हिवाळ्यात मामाजी गेले. तुरीच्या वावरातून आले, छातीत दुखतंय म्हणाले आणि मालेगावला पोहोचायच्या आत संपले. तेरवी झाली, पाहुणे पांगले. दुपारी मी आणि आत्याबाई ओसरीवर बसलो होतो. मी म्हणाले, की माझ्यापायी मामाजींनी आयुष्यभर हे काम केलं, मी त्यांची उतराई कशी होऊ.

आत्याबाई मग म्हणाल्या, "तुह्यासाठी केलंच वो त्याहीनं. पन त्याहीच्या मायचंही होतं त्यात." मामाजींच्या आईच्या काळी घरात संडास नव्हता. बायका दिवस मावळल्यावर गावाबाहेर जायच्या. दिवसाउजेडी जायची वेळ येऊ नये म्हणून ती माउली दिवसभर पाणीच पीत नसे. उन्हाळ्यातही नाही, शेवटच्या दुखण्यातही नाही. ओठ सुकलेल्या आईपुढे मामाजी पाण्याचा गिलास धरून बसायचे आणि ती मान फिरवायची. मामाजींनी घरात संडास बांधला तो आत्याबाईंशी लग्न ठरल्यावर, घराला रंग देण्याच्याही आधी.

"लगन होऊन आली तं मले पयली गोष्ट त्याहीनं हेच सांगतली," आत्याबाई म्हणाल्या. "म्हने, या घरात तू पोटभर पानी पेत जाय."

मी आत जाऊन गिलास भरून आणला. आत्याबाईंनी तो दोन्ही हातांत धरला आणि सावकाश सगळा संपवला.