देव कोणाकडं द्यायचे

साल २०२३. माझं वय चौऱ्याहत्तर. वय पक्कं आहे, मास्तरनं अंदाजानं लिहिलेलं नाही, आईनं स्वतः शाळेत येऊन सांगितलेलं. शाळा चौथीपर्यंत. पुढं गवंडीकाम. साताऱ्याकडून आलो, कल्याण-डोंबिवलीत जन्मभर लोकांच्या भिंती उभ्या केल्या आणि स्वतः मोहन्यात चाळीत राहिलो. चाळीतली खोली माझी आहे, भाड्याची नाही. हे आधीच सांगून ठेवतो, कारण लोकांना वाटतं म्हातारा कोणाच्या तरी मेहेरबानीवर पडून आहे.

त्या वर्षी थंडी सरताना माझा मुलगा नि सून आले. आले म्हणजे, वाटेत थांबले. दोघं जग फिरत होते. नोकऱ्या सोडल्या, ठाण्यातला फ्लॅट विकला, भांडीकुंडी, कपाट, पलंग, जे होतं ते लोकांना वाटून टाकलं आणि एकेक बॅग पाठीवर टाकून निघाले. तेवढाच संसार. कधी कुठल्या बर्फातून फोन यायचा, कधी बोटीवरून. चाळीत कोणी विचारलं, "पोरगा कुठं असतो?" तर मी म्हणायचो, "बाहेर." लोक समजायचे दुबईला असेल. मी समजू द्यायचो. एवढा शिकून पोरगा नुसता हिंडतोय हे कोणत्या तोंडानं सांगायचं?

एका देशातून दुसऱ्या देशात जाताना मुंबईत विमान बदलायचं होतं, म्हणून दोन दिवस मोकळे. सुनेला दातही दाखवायचा होता. राहिले ठाण्यात, रोजावर मिळणाऱ्या फ्लॅटमध्ये. मुलगा फोनवर अडखळत म्हणाला, "अण्णा, तुमच्याकडं संडास बाहेर आहे ना, तिला रात्रीचं जरा..."

"राहा की तिकडं," मी म्हटलं. "मी कुठं म्हणालो इथं राहा?"

त्याच संडासापुढं रांग लावून हा मोठा झाला. पण ते मी बोललो नाही. मला त्यांच्याकडून दुसरं काम होतं. मला देव द्यायचे होते.

आमच्यात देव म्हणजे टाक. चांदीचा नखाएवढा पत्रा, त्यावर ठोकून उठवलेला देव. खंडोबा, भवानी, जोतिबा. आणि घरातली गेलेली माणसं. आमच्याकडं घरातली बाई नवऱ्याच्या आधी, कुंकू लावून गेली की तिचाही टाक करतात आणि देवांत बसवतात. माझी आई तशी गेली, तिचा आहे. चार वर्षांपूर्वी बायको गेली, तिचा मी कल्याणच्या सोनाराकडून करून घेतला. म्हणजे माझ्या देव्हाऱ्यात माझी बायकोपण आहे. तिला रोज पाणी, गंध, हळदकुंकू. देवांना लागतं ते सगळं तिलाही.

आता झालं असं, की माझे हात कापायला लागले. आधी डावा, मग दोन्ही. भिंतीला गिलावा करताना ज्या हाताची रेघ हलली नाही, तो हात आता चहाच्या कपाला धड लागत नाही. डॉक्टर म्हणाला हे वाढत जाणार. संक्रांतीच्या सुमारास देवांना अंघोळ घालताना भवानी निसटली ती मोरीत गेली. पालथा पडून, जाळीत बोटं घालून तिला बाहेर काढली. त्या दिवशी पूजा अर्धी सोडून भिंतीला टेकून बसलो. मी अंथरुणाला खिळलो तर यांना पाणी कोण घालणार? आणि मेलो तर? चाळीतले लोक कुलूप तोडतील, सामान रस्त्यावर काढतील आणि चांदी म्हणून कोणीतरी सगळ्यांना मोडीत घालील. तिच्यासकट. सोनाराच्या मुशीत माझी आई आणि माझी बायको. ते चित्र डोळ्यांपुढून हलेना.

म्हणून पोरगा येणार म्हटल्यावर मी ठरवलं, देव त्याच्या हवाली करायचे. बापाकडून मुलाकडं जातात, तसे.

दुपारी आले. दोघं काळवंडलेली, वाळलेली, अंगात चुरगाळलेले कपडे. शेजारीण दारातूनच म्हणाली, "दुबईत फार ऊन आहे वाटतं!" सून हसली, काही कळलं नाही तिला. भात-आमटी मी केलेली, चपात्या शेजारणीनं दिल्या. सून खाली मांडी घालून पोटभर जेवली. बरं वाटलं. ठाण्यातल्या शिकलेल्या घरातली पोर आहे, पण जेवताना नाक मुरडत नाही.

जेवणं झाल्यावर मी फळीवरचा देव्हारा खाली घेऊन पुढं ओढला. म्हटलं, "हे आता तुम्ही न्यायचे."

मुलानं माझ्याकडं बघितलं, मग बायकोकडं. "कुठं न्यायचे, अण्णा? घर कुठंय आम्हाला?"

"तेच विचारतोय मी. गवंड्याचा पोरगा आणि चार भिंती नाहीत."

"भिंती बघतच वाढलो. पुरे झाल्या."

"मग देवांनी कुठं बसायचं? विमानात?"

"अहो, देवळात देऊन टाका ना एखाद्या."

"देवळातला देव गावाचा. हे आपले आहेत."

"मग गावाला काकांकडं पाठवा."

हे त्यानं बोलायला नको होतं. मी गावाहून वेगळा निघालो तेव्हा थोरल्या भावानं घरातले देव द्यायला नाही म्हटलेलं. मग मी एकेक टाक स्वतःच्या कमाईनं करून घेतला. आता ते घेऊन त्याच्याच दारात उभा राहू? मी म्हटलं, "त्यांच्या दारात नेण्यापेक्षा नदीला सोडीन. तुम्ही नेणार नसाल तर सांगा. उद्या सकाळीच सोडतो."

"लगेच उद्या? मुहूर्त काढून ठेवलाय वाटतं," मुलगा हसला.

"उद्या म्हणजे उद्या."

तो अजून हसत होता, पण सून हसत नव्हती. तिला मी किती ओळखीचा? लग्नानंतर दिवाळी-दसऱ्याला भेटलेलो. पण तिनं ओळखलं, म्हातारा म्हणतो ते करतो. ती सरकून देव्हाऱ्याजवळ आली. "अण्णा, यातल्या आई कोणत्या?"

मी दाखवला. सगळ्यांत नवा, अजून कडा झिजल्या नव्हत्या.

तिनं वाकून बराच वेळ बघितलं. "चेहरा त्यांच्यासारखा नाहीये."

"सोनाराकडं सवाष्णीचा एकच साचा असतो. ही बघ, माझी आई. तीच बाई, फक्त झिजलेली."

तिनं टाक तळहातावर घेतला. विचारून घेतला. मग म्हणाली, "आईंना मी नेऊ? कानातल्यांची डबी आहे माझ्याकडे, आतून मखमल आहे. जिथे असू तिथे रोज सकाळी पाणी घालेन."

"डबी कुठं असते?"

"बॅगेत. सगळ्यात वरच्या कप्प्यात."

"आणि चपला?"

"त्या खाली असतात, अण्णा. वेगळ्या पिशवीत."

"अगं, सोड ना," मुलगा म्हणाला. "तुला काय पडलंय? तुला तरी विश्वास आहे का यावर?"

"विश्वासाचं नाही रे. आई आहेत त्या."

"आई नाहीये ती!" तो एकदम चढ्या आवाजात बोलला. दाराबाहेर खेळणारी पोरं गप्प झाली. "पत्रा आहे तो. अण्णा, तुम्हाला ठाऊक तरी आहे का, आईला कुठं कुठं जायचं होतं? समुद्र बघायचा होता तिला. धड, काठावर बसून. मी दोन वेळा तिकिटं काढली, गोव्याची. दोन्ही वेळा तुम्ही काय म्हणालात? देवांना पाणी कोण घालणार! तुम्ही सकाळी कामावर, पाणी घालायची ती. घर बंद करून जायचं नाही, देव कोंडायचे नाहीत. जिवंतपणी तिला या फळीपुढं बांधून ठेवलीत आणि मेल्यावर फळीवरच बसवलीत. आणि आता मला म्हणता, तूही बस."

देव कोंडून घराला कुलूप लावायचं नाही, हा माझ्या आईनं घालून दिलेला नेम, तो मी मोडला नाही. आणि समुद्राचं ती मला कधी बोलली नव्हती. पोराजवळ बोलली असेल तर ते त्या दोघांचं. आजही कोणी विचारलं तर मी हेच सांगीन.

सून टाक तसाच हातात धरून होती. नवऱ्याचं बोलणं संपल्यावर हळूच म्हणाली, "मग तर मी नेतेच. समुद्र बघतील. पुढच्या आठवड्यात आम्ही समुद्रावरच असणार आहोत."

खोटं कशाला सांगू, तेव्हा मी हललो. हात आधीच हलत होते, आतूनही हललो. पण मी म्हटलं, "देव फोडायचे नसतात. न्यायचे तर सगळे. आणि नेऊन एका जागी बसवायचे."

"मग सगळे द्या. मी घेते."

"जागा सांग."

तिनं टाक या तळहातावरून त्या तळहातावर घेतला.

"कुठं बसवणार ते सांग, पोरी. गावाचं नाव सांग. परदेशातलं सांग, चालेल मला. पण जागा सांग."

तिनं नवऱ्याकडं बघितलं. तो खिडकीतून बाहेर बघत होता. तिनं टाक पुन्हा देव्हाऱ्यात ठेवला, जिथून उचलला तिथंच, माझ्या आईशेजारी. बोटाला लागलेलं हळदकुंकू तिनं पुसलं नाही, हे मी बघितलं.

चहा झाला, तो कोणी नीट प्यायलं नाही. मुलानं बिस्किटाचा पुडा फोडला आणि तसाच ठेवला. मग फोनमधला कुठलातरी डोंगर दाखवायला लागला. मी चष्मा नाही म्हणालो. चष्मा खिशात होता.

संध्याकाळी आंबिवली स्टेशनपर्यंत रिक्षा बघून दिली. दोघं पाया पडले. मुलाच्या पाठीवर हात ठेवला तर खांद्याची हाडं लागली. एवढं जग खाऊन हा असा कसा, असं मनात आलं. सून रिक्षात बसली आणि पुन्हा उतरली. म्हणाली, "अण्णा, उद्या नका ना जाऊ. आम्ही परत येईपर्यंत ठेवा."

"कधी येणार?"

ती म्हणाली, "अरे, सांग ना त्यांना."

मुलगा म्हणाला, "बघू. पुढच्या वर्षी बहुतेक. नक्की नाही सांगता येत, अण्णा."

"बरं," मी म्हटलं. रिक्षावाला घाई करत होता.

घरी येऊन दिवा लावला. बायकोच्या टाकाकडं बघून मी काही बोललो नाही. बोलायची सवय आमच्यात जिवंतपणीच नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी उठून अंघोळ केली. सगळ्यांना पाणी घातलं, दोन्ही हातांनी धरून, एकही पाडला नाही. गंध लावलं, भंडारा वाहिला, साखर ठेवली. मग तिच्या पेटीतलं एक कोरं खणाचं कापड काढलं, त्यात तांदूळ आणि सुपारी घालून सगळे टाक बांधले आणि खडवलीला गेलो. आमच्याकडनं नदीला जायचं तर लोक तिथंच जातात. पाणी स्वच्छ आहे.

आठवड्यातला मधला वार, काठावर दोन-तीन बाया कपडे धूत होत्या. कोणी विचारलं नाही, मी सांगितलं नाही. लेंगा गुडघ्याच्या वर खोचून आत गेलो. दगड निसरडे, पायही आता हातांसारखेच झालेत. मांडीएवढ्या पाण्यात उभा राहून कापडाची गाठ सोडली. आधी खंडोबा सोडला. मग जोतिबा, मग भवानी. मग आई. चांदी पाण्यात थोडा वेळ दिसते, मग दिसत नाही.

तिचा टाक राहिला. मूठ मिटून उभा राहिलो. पोरं अजून ठाण्यातच होती, त्यांचं विमान रात्रीचं होतं. फोन खिशात होता. नंबर लावला असता तर सून धावत आली असती, हे मला ठाऊक होतं. डबी घेऊन आली असती.

काठावरनं एक बाई ओरडली, "ओ बाबा, पुढं खोल आहे! मागं या!"

"येतो," मी म्हटलं. हात पाण्याखाली घातला, मूठ उघडली आणि मागं फिरलो.