शेवंतीचे शेंडे

लग्नानंतर आम्ही अंबरनाथला कारखान्याच्या क्वार्टरमध्ये राहायला आलो. माझ्या थोरल्या विधवा नणंदबाईही आमच्याबरोबर होत्या. मी त्यांना वन्सं म्हणे. त्यांनी साताऱ्याहून शेवंतीची मुळं ओल्या फडक्यात गुंडाळून आणली आणि दारापुढं वाफा केला.

श्रावणात रोपं गुडघ्याला लागली. माझ्या माहेरी वडील या दिवसांत शेंडे खुडत. मीही खुडायचं म्हटलं. वन्संना ते रुचलं नाही.

"वाढत्या झाडाला कात्री लावू नये," त्या म्हणाल्या.

घरात नवीच होते, तरी मी हट्ट धरला. शेवटी अर्धा वाफा माझ्या वाट्याला आला. नागपंचमीला काही कापायचं नसतं, म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी शेंडे खुडले. वन्सं पाठमोऱ्या उभ्या होत्या. मी आत गेल्यावर त्यांनी ते शेंडे वेचले आणि तुपाच्या रिकाम्या डब्यांत वाळू भरून खोचले. टाकवत नाहीत, एवढंच म्हणाल्या.

माझी रोपं फुटून झुडपासारखी झाली. हुरूप येऊन नवरात्रात मी पुन्हा कात्री घेतली, तेव्हा मात्र वन्संनी माझा हात धरला. पान बाजूला करून दाखवलं, तर मोहरीएवढ्या कळ्या.

"आता नको गं. आता पोटुशी आहेत ती."

मी कात्री ठेवून दिली.

दिवाळीत वन्संच्या अर्ध्या वाफ्यातल्या उंच, वाकलेल्या काठ्यांवर पिवळी फुलं आली. पूजेला तीच लागली. माझ्याकडं नुसत्या कळ्या. मला फार ओशाळल्यासारखं झालं. मार्गशीर्षात त्यांची रोपं सुकत आली आणि माझी बाजू अशी बहरली की पानं दिसेनात. गुरुवारच्या पूजेसाठी शेजारच्या बायका परड्या घेऊन येऊ लागल्या.

डब्यांतले शेंडेही जगले होते. उल्हासनगरच्या कॅम्पातून एक सिंधी बाई पापड विकायला येई. बराकीपुढं हातभर जागा आहे, म्हणाली. वन्संनी तिला दोन डबे दिले. तिनं विचारलं, यांना कापायचं की नाही? मी तोंड उघडणार, तोच वन्सं आपल्या हिंदीत म्हणाल्या, "दिवाली को फूल मंगता तो मत काटो. बाद में भरपूर मंगता, तो सावन में काटो."

आणि माझ्याकडं बघून हसल्या.