अंगणातली खाट

घाटकोपरच्या आमच्या चाळीच्या सत्यनारायणाला मी वस्तीतल्या दादाला बोलावलं आणि वर शाल घातली. मान दिला की गुंड मऊ होतो, अशी तेव्हा माझी अक्कल. दादा घरचाच झाला. त्याचा टेम्पो रोज आमच्या अंगणात मुक्कामाला येऊ लागला आणि पोरांना खेळायला जागा उरली नाही.

त्याला बोलावू नकोस, असं तळमजल्यावरच्या शेजारणीने मला आधीच बजावलं होतं. ती भांडायची नाही. पदर खोचून सगळं ऐकायची, "ते ठीक आहे" म्हणायची आणि स्वतःला हवं तेच करायची.

टेम्पोचा विषय निघाला तेव्हा मी म्हटलं, "अगं, त्याला गोडीने घेऊ."

"ते ठीक आहे," ती म्हणाली. सकाळी टेम्पो बाहेर पडताच तिने त्या जागी खाट टाकली.

संध्याकाळी दादा परतला तेव्हा ती खाटेवर तांदूळ निवडत होती. हॉर्न वाजवून तो कंटाळला, खाली उतरला.

"वहिनी, खाट उचला."

"ते ठीक आहे, पण मुलं खेळतायत." तिने सुपावरून नजर हटवली नाही.

अख्खी चाळ गॅलरीत उभी होती. दादाने वर एकदा पाहिलं आणि टेम्पो मागे घेतला.

मी धावत खाली गेले. "काय गं, भीती नाही वाटत तुला?"

"वाटते ना. म्हणून तर उद्या तू येऊन बस माझ्याजवळ."