खालच्या वस्तीची विहीर

माझा चमत्कारांवर विश्वास नाही. आजही नाही. आमच्या घरी देवघर नव्हतं. वडिलांनी जमवलेल्या चळवळीच्या पत्रकांचे गठ्ठे होते आणि त्यांवरच मी वाचायला शिकले. विहारात 'बुद्धं सरणं गच्छामि' हे त्रिसरण म्हणायची, ते पाठ होतं म्हणून. शरण जाणं मला दुबळ्यांचं काम वाटे.

कारंजा गावात पूर येऊन गेला त्याला बरीच वर्षं झाली, तरी नाल्याकाठच्या खालच्या वस्तीत भिंतींवर पाण्याची रेघ अजून दिसते. वस्तीची विहीर तेव्हापासून गाळानं भरलेली, लोक टँकरवर. धम्मदीक्षा घेतल्यावर इथल्या माणसांनी ती स्वतः खणली होती, कारण दुसऱ्या विहिरींवर त्यांना कुणी चढू देत नसे. विहाराशेजारी राहणाऱ्या शेवंताआजीचे वडील त्या खणणाऱ्यांत होते. दर रविवारी वाशीमहून एसटीनं जाऊन मी इतर स्वयंसेवकांबरोबर तिथला गाळ उपसायची. वैशाख पौर्णिमेपर्यंत पाणी लागलं नाही तर विहीर बुजवून वर ओटा बांधायचा, असं वस्तीच्या बैठकीत ठरलं होतं. बैठकीतून उठून आजी थेट विहिरीच्या कठड्याशी जाऊन बसली.

गाळ निघाला. ढासळलेली भिंत आम्ही पुन्हा रचली आणि काम पक्कं व्हावं म्हणून तळापासून दगडांचे सांधे सिमेंटनं भरले. ती सूचना माझी. आजी म्हणाली होती, "पोरी, पहिले असं नव्हतं वो." मी तिला पक्क्या बांधकामाचे फायदे समजावून सांगितले. पाणी मात्र आलं नाही.

पौर्णिमेच्या आदल्या दिवशी सकाळी मी विहारात एकटी जाऊन बसले. दोष कुणाला द्यावा याचे मुद्दे मनात जुळवत होते, एकही टिकेना. मूर्तीपुढे आजीनं ठेवलेला पाण्याचा पेला होता, त्यातही टँकरचंच पाणी. "मला कळत नाही," असं मी मोठ्यानं म्हणाले. हे वाक्य त्याआधी कधी माझ्या तोंडून निघाल्याचं आठवत नाही.

बाहेर आले तर पांढऱ्या दाढीचे एक चाचा आजीच्या दारात पाणी पीत उभे होते. मेडशीचे गवंडी, कारंज्यात लेकीकडे आलेले, गल्ली चुकून वस्तीत शिरलेले.

"बाई, दारात विहीर असून पाहुण्याले ड्रमचं पाणी पाजून राह्यल्या?"

"कोरडी हाय बाबा ते. उद्या बुजवतेत," आजी म्हणाली.

चाचांनी विहिरीत वाकून पाहिलं आणि हसले. "ही विहीर बांधली का हौद? सिमेंट कोनं लावलं?"

"मी."

"शिकेल दिसता! अवो, पानी सांध्यातूनच येते. तुमी त्याच्या तोंडात बोळा कोंबला, अन् म्हनता बोलत काहून नाही!"

या वयातही ते शिडीनं खाली उतरले, मागोमाग मी. तळाजवळची भिंत ते तळहातानं चाचपत गेले. एका जागी सिमेंट जरा काळपट होतं. तिथं थांबून त्यांनी आपल्या पिशवीतली छन्नी-हातोडी माझ्या हातात दिली.

"लावलं तुमी, आता फोडा बी तुमीच."

मी गुडघ्यांवर बसून फोडू लागले. आधी ओल आली, मग बोटाएवढी गढूळ धार. वर आजी कठड्याला धरून रडत होती. गडबडीत चाचांचं नाव विचारायचं राहिलं. "लेक वाट पाहून राह्यली," म्हणत ते निघून गेले.

त्यांना कुणी पाठवलं, या वादात मी पडत नाही. रस्ता चुकलेला एक माणूस पाणी प्यायला थांबला, एवढंच मला सांगता येतं. पण सकाळी मी स्वतःला शहाणीच समजत राहिले असते, तर त्यांच्याशी वाद घातला असता आणि छन्नी हातात घेतली नसती, हेही मला माहीत आहे. पाणी भिंतीमागे होतंच. आड मी आले होते. त्या अनोळखी हाताची मी ऋणी आहे, आणि त्या सकाळच्या हतबलतेचीही.

पौर्णिमेला विहिरीत कमरेइतकं पाणी होतं. आजीनं त्यातलंच, किंचित गढूळ, पेल्यात भरून मूर्तीपुढे ठेवलं. वंदना सुरू झाली आणि पहिल्याच ओळीला माझी मान खाली गेली. मी ती वर उचलली नाही.