तारेनं बांधलेली खुर्ची

आज शिरोलीच्या आमच्या फाउंड्रीत भट्टी पेटली, साच्यांच्या जळक्या वाळूचा वास केबिनमध्ये शिरला आणि नव्वदच्या दशकातली ती दुपार आठवली.

तेव्हा मी सरकारी अर्थतज्ज्ञ होतो, बंद कारखान्यांची पाहणी करायचो. हीच फाउंड्री तेव्हा बंद होती. भट्टी कधीचीच विझलेली, तरी ढिगातली वाळू हाताला गरम लागली. केबिनमध्ये मालकांचे म्हातारे सल्लागार एकटेच बसले होते. ते उठले आणि मोडका हात तारेनं बांधलेली आपली खुर्ची त्यांनी माझ्याकडे सरकवली.

"सरकारातनं आलाय न्हवं, पावणं? मीबी तिथनंच आलतो. बसा की, ही तुमचीच खुर्ची हाय."

मी हसलो. बसलो नाही. मनातून चिडलोच, पेन्शनीची नोकरी सोडून इथं कोण मरायला येतंय!

पुढे राजीनामा दिला, खासगीत शिरलो. फाउंड्रीच्या नव्या मालकांनी मला सल्लागार म्हणून घेतलं आणि हीच केबिन दिली, हीच खुर्ची.

आज पाहणीला एक तरुण सरकारी अधिकारी आली. मी नाशिकचा, इथली बोली मला कधीच जमली नाही. पण मी उठलो, खुर्ची सरकवली आणि माझ्या तोंडून म्हाताऱ्याचा आवाज आला, "बसा की, ही तुमचीच खुर्ची हाय."

ती हसली. बसली नाही.