तोंड सासूचं, बंदूक सुनेची

माझ्या सासूबाईंच्या तोंडाला लागायची आमच्या वाडीत कोणाची टाप नव्हती. सकाळी आंघोळीचं पाणी चुलीवर चढलं की त्या परड्याच्या वईपाशी, म्हणजे कुंपणापाशी, जाऊन उभ्या राहायच्या आणि पलीकडच्या त्यांच्या चुलत दिराचा उद्धार सुरू व्हायचा. "मेल्या, तुझ्या ढोरान परत माझी भाजी खाल्ल्यान! तुझ्या तोंडात माती पडो! वंयच्या हंय पाय घातलंस तर तंगडी मोडून गळ्यात बांधतलंय!" चुलत सासरे पलीकडे राखुंडीने दात घासत सगळं ऐकून घ्यायचे. मग चूळ भरून शांतपणे म्हणायचे, "झाला मां वयनी? मगे मी पेज पिऊक जातंय."

मी वालावलची. आमच्याकडे देवळाजवळच्या तळ्यावर माणसं हळू बोलतात. लग्न होऊन या घरात आले त्याच्या दुसऱ्या दिवशी हे ऐकलं आणि मला वाटलं, आज इथे खून पडणार. दोन-तीन महिन्यांनी कळलं की हा त्यांचा रामराम आहे. तेवढा झाला की दोघांचीही सकाळ बरी जायची.

मी मात्र गप्प. नव्या सुनेने सासऱ्यांसमोर, दिरांसमोर तोंड उघडायचं नाही अशी रीत होती, आणि ती मी पाळली. माझ्या पोटात काय काय चालायचं ते माझं मला ठाऊक. सासूबाईंच्या वरताण शिव्या मला सुचायच्या, पण त्या मी नारळ खोवता खोवता खोबऱ्यावर काढायची.

घरात एक ठासणीची बंदूक होती. परवाना सासऱ्यांच्या नावाचा, शेतीच्या राखणीचा. गोव्यातून पोर्तुगीज गेले त्याच सुमाराला सासरे वारले आणि बंदूक रीतसर पोलीस ठाण्यात जमा झाली. आता वानरांना कोण सांगणार की बाबांनो, घरात सुतक आहे, जरा थांबा? दिवसकार्य होतं न होतं तोच टोळी बागायतीत उतरली. शहाळी, केळी, पपया, काही म्हणून ठेवलं नाही. एक हुप्प्या तर घराच्या कोन्यावर, कौलांच्या पार टोकाला, बसून माझ्याकडे बघत बघत केळं सोलत होता, आणि खरं सांगते, माझ्या नवऱ्यापेक्षा नीट सोलत होता.

नवरा मुंबईला छापखान्यात. गणपतीला आला, बागायत बघितली आणि जेवताना म्हणाला, "आवशी, राखण नाय तर ही बागायत ठेवून काय करतलंस? काकांका कसूक देवया. तुमी दोघी चला मुंबैक."

सासूबाईंच्या हातातला घास हातातच राहिला. मुंबईला त्या एकदा जाऊन आल्या होत्या. चाळीतली खोली, खिडकी उघडली की समोर भिंत. महिनाभर राहणार होत्या, त्या पहिल्या बोटीने परत आल्या. "थंय काय भितीक गाळी घालू?" एवढंच म्हणाल्या होत्या. आता त्यांनी घास ताटात ठेवला आणि म्हणाल्या, "बंदूक मी माझ्या नावान करून घेतंय."

नवऱ्याला ठसकाच लागला. पाणी पिऊन झाल्यावर म्हणाला, "शिमग्यापर्यंत परवानो झालो तर ऱ्हवा. नायतर सामान बांधा." आणि गेला. मलाही मुंबई नको होती. नवरा हवा होता, खोली नको होती.

अर्ज गेला आणि वाडीत ज्याच्या त्याच्या तोंडी झाला. दर गुरुवारी देवळात भजन असायचं. आम्ही बायका खांबांमागे बसायचो. त्या गुरुवारी टाळ बाजूलाच राहिले. कोर्टात बेलीफ म्हणून नोकरी करून निवृत्त झालेले एक आजोबा होते, गावाचा कायदा म्हणजे तेच. ते म्हणाले, "जिवाच्या नि मालाच्या राखणीचो हक्क बाईमाणसाक पण आसा. घरात पुरुष नाय, मगे तिणा करूचा काय?"

"हक्क आसा ओ," मृदंगवाला म्हणाला, "पण हिच्या हातात? हिच्या तोंडान माणूस अर्धो मरता. उरलेलो अर्धो बंदुकीन जातलो!"

सगळे हसले. चुलत सासरे तेवढे हसले नाहीत. ते पुढे सरकून बसले. "बेलीफानू, चोर वंयच्या भुतूर असलो तर?"

"जिवावर बेतला तर मारूक येता."

"वंयच्या भायर असलो तर?"

"मुळीच नाय."

"आणि वंयर असलो तर?"

बेलीफ आजोबांनी डोकं खाजवलं. चुलत सासऱ्यांची अडचण आम्हाला सगळ्यांना माहीत होती. त्यांचा फणस वईला लागून होता आणि फणस काढायला चढलं की एक पाय आमच्या परड्यावर लोंबायचा. "म्हणजे माझी एक तंगडी कायद्यात आणि एक कायद्याच्या भायर?" ते रडकुंडीला येऊन म्हणाले. "मगे ती एक तंगडी घरात ठेवून चढ," मागून कोणीतरी बोललं. खांबामागे आम्ही बायका एकमेकींच्या अंगावर पडून हसत होतो. त्या रात्री देवाला अभंग काही मिळाला नाही.

भजनावरून येताना बेलीफ आजोबांनी सासूबाईंना गाठून सांगितलं. जमादार चौकशीला येणार, शेजाऱ्यापाजाऱ्यांचे जबाब घेणार, आणि मुख्य प्रश्न एकच, अर्जदार तापट आहे का, शेजाऱ्यांशी भांडते का. तापट माणसाला सरकार बंदूक देत नाही. सासूबाई घरी आल्या, पाय धुतले आणि ओसरीवर बसल्या. मग मला म्हणाल्या, "आजपासून मी गाय गो."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या वईकडे निघाल्या आणि मी मागोमाग जाऊन उभी राहिले.

"भावजी," इतक्या गोड आवाजात की मला कोणी पाहुणी आल्यासारखं वाटलं, "च्या घेतलास?"

चुलत सासऱ्यांच्या हातातली राखुंडी सांडली. "काय म्हटलंस, वयनी?"

"च्या घेतलास मां?"

ते चूळ न भरताच घरात गेले आणि त्यांनी आतून कडी लावली.

मग रोजच हे सुरू झालं. त्यांची गाय येऊन आमची भाजी खायची आणि सासूबाई तिच्या पाठीवरून हात फिरवून तिला घरी पाठवायच्या. पण इतक्या वर्षांची सवय, ती जाणार कुठे? दुपारी त्या बागायतीच्या पार टोकाला जायच्या, विहिरीत डोकं घालायच्या आणि जे साठलं असेल ते मोकळं करायच्या. विहीर प्रत्येक शिवी दुप्पट करून परत पाठवायची. मग सासूबाई विहिरीवर चिडायच्या, विहीर त्यांच्यावर चिडायची, आणि मी कळशी टाकून हसत सुटायची. देवा रे, इतकं मी माहेरीही कधी हसले नव्हते!

तिकडे चुलत सासऱ्यांचं अन्न सुटलं. एक दिवस वईला लागून हळूच मला विचारलं, "वयनीक काय झाला गो? कोणी काय घातलानी काय?" मी पदर पुढे ओढून नुसती मान हलवली. त्याचा अर्थ त्यांनी काय लावला कोण जाणे, दुसऱ्या दिवशी ते नारळ घेऊन देवळात गेले. गुरवाने देवासमोर नारळ ठेवला आणि गाऱ्हाणं घातलं:

"बा देवा म्हाराजा! ह्या तुझ्या लेकरान आज तुका नारळ ठेवलो हा. ह्येच्या शेजारणीच्या तोंडाक कोणाची दिष्ट लागली असात, कोणी वायट-वंगाळ केला असात, तर ता पाताळात गाड, आणि ह्येका पयल्यासारख्यो गाळी रोज सकाळी मिळांदेत रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळे एका सुरात म्हणाले. मी देवळाच्या पायरीवर होते, मी पण म्हटलं.

आणि चार दिवसांत जमादार आले. घाटावरचे, धिप्पाड, मिशीवाले. आमच्या खळ्यात, घरापुढच्या अंगणात, बाकडं टाकलं, सासूबाईंनी कोकमाचं सरबत दिलं. त्या पदर घेऊन अशा बसल्या की बघणाऱ्याने हात जोडावेत. वाडीतली माणसं एकामागून एक पुढे येऊन सांगत होती, "बाई म्हणजे साहेब, गरीब गाय." मृदंगवालासुद्धा गाय म्हणाला. जमादार लिहीत होते. शेवटी चुलत सासरे उठले. परड्याला लागून असलेला शेजारी म्हणून सगळं वजन त्यांच्याच शब्दाला होतं. बागायत कसायला मिळाली तर त्यांनाच मिळणार होती. आता हा माणूस आमचं घर बुडवणार!

"साहेब," त्यांनी सरकारी मराठीत सुरुवात केली, "खरं बोलायचं म्हणजे, ही बाई मला रोज सकाळी शिव्या द्यायची. इतक्या वर्षांत एक दिवस खाडा नाही." मग मराठी संपली. "आणि मी घोरत झोपायचंय. कित्याक? जेचा पोटातला तोंडात येता, तेच्या हातात कायेक उरना नाय. पण आता ही गप आसा. माका च्या विचारता! साहेब, मी रातचो खाटीखाली निजतंय. गप माणसाक बंदूक देव नकात!"

मी सासूबाईंकडे बघितलं. पदराचं टोक दातांत धरलेलं, कान लाल. आणि मग ते टोक सुटलं.

"मेल्या! तुझा तळपट होवंदे! तुझ्यापायी माझी जीभ तोंडात कुजली! तुझ्या ढोरान माझी सगळी भाजी खाल्ल्यान आणि मी तेच्या पाठीर हात फिरवत बसलंय! तुका मारूक बंदूक व्हयी कशाक, मेल्या, माका मुसळ पुरे!"

चुलत सासऱ्यांचा चेहरा असा काही उजळला! त्यांनी टाळ्याच वाजवल्या. "इली! साहेब, माझी वयनी इली! देवाक माझा गाऱ्हाणा पावला! आता देवा बंदूक, खुशाल देवा!"

वाडी हसून हसून खाली बसली. बेलीफ आजोबांची कवळी निघता निघता राहिली. जमादारांनी टाक खाली ठेवला, मिशी पुसली आणि गंभीरपणे म्हणाले, "बाई, नीट ऐका. परवाना मिळाल्यावर तुम्ही शेजाऱ्याला तंगडी मोडीन, मुसळ घालीन असं म्हणालात, तर ती शिवी राहत नाही. घरात बंदूक असलेल्या माणसाचं तसलं बोलणं म्हणजे धमकी. एक तक्रार आली की बंदूक गेली. कबूल आहे?"

"म्हणजे बंदूक घेतलंय तर बोलूचा नाय?"

"नाही."

"आणि बोललंय तर बंदूक नाय?"

"नाही."

सासूबाई गप्प झाल्या, आणि हे गप्प होणं खरं होतं. त्यांनी बागायतीकडे बघितलं, वईकडे बघितलं. "मगे हंय ऱ्हवान पण मुंबैच झाली मां," त्या हळूच म्हणाल्या. मला इतकं वाईट वाटलं की डोळ्यांत पाणी आलं. काल-परवापर्यंत ज्या तोंडाला मी घाबरत होते ते तोंड बंद झालेलं मला बघवेना.

तेवढ्यात त्या झटकन वळल्या आणि बोट माझ्याकडे केलं. "माका नको ती बंदूक. हिच्या नावान करा. तोंड माझा, बंदूक तिची!"

मला विचारलंन का? छे! पण मी नको म्हटलं नाही.

जमादार चुलत सासऱ्यांकडे वळले. "ही सूनबाई कशी आहे? तापट?"

"ती?" चुलत सासऱ्यांनी हात झटकला. "ती कसली तापट! लग्न होवन इली तेच्यापासून एक शब्द ऐकूक नाय मी तिचो. सदां न् कदां गप..."

आणि ते थांबले. आपण घटकेपूर्वी काय म्हणालो ते त्यांना आठवलं असावं. तोंड उघडंच राहिलं. त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी पदराआडून थोडीशी हसले. ते मटकन पायरीवर बसले.

"लिहून घेतलं," जमादार म्हणाले. "शांत स्वभाव. नाव?"

सासूबाई म्हणाल्या, "आमची सून." चुलत सासरे म्हणाले, "आमच्या पुतण्याची बायल." बेलीफ आजोबांनी माझ्या सासऱ्यांचं नाव सांगितलं.

"अहो, बाईचं नाव!"

कोणी बोलेना. त्या घरात मला गो, सूनबाई, हिकडे ये, याखेरीज कोणी हाक मारली नव्हती. लग्नात ठेवलेलं नाव नवऱ्यानेसुद्धा कधी तोंडात घेतलं नव्हतं. मग मी पदर मागे सारला, उठून उभी राहिले आणि माझं नाव सांगितलं. चांगलं खणखणीत, वईच्या पलीकडे जाईल असं. सासूबाई माझ्याकडे बघतच राहिल्या. त्या घरात माझ्या नावाने झालेली पहिली वस्तू म्हणजे ती बंदूक. सोन्याची पाटली मिळाली असती तरी मला एवढा आनंद झाला नसता.

वानर मी कधीच मारलं नाही, मारुतीचं ते. हवेत बार काढायची, आवाजानेच टोळी पळायची. पहिल्या बाराला मात्र वानरांआधी मीच उताणी पडले होते, हळदीच्या वाफ्यात.

शिमग्याला नवरा आला तो रिकामी ट्रंक घेऊनच. भिंतीवर बंदूक बघितली आणि परवाना कोणाच्या नावाचा ते ऐकून ट्रंकेवरच बसला. मग म्हणाला, "बरा. आवशी, तू ऱ्हव. हिका तरी मी न्हेतंय."

"परवान्याचा माणूस गाव सोडून गेला तर राखण कोण करतलो?" सासूबाई म्हणाल्या.

"मगे माझा काय?"

"तूय अर्ज कर. आमी दोघी चौकशी करतलंव."

मी त्याच्यासमोर पहिल्यांदाच मोठ्याने हसले. त्याने ट्रंक माळ्यावर टाकली आणि सुट्टी संपल्यावर कपड्यांची पिशवी तेवढी घेऊन एकटाच बोटीला गेला. मुंबई सोडून घरी यायचा तो अर्ज करायला त्याला आणखी तीन वर्षं लागली. तोवर दर सणाला येऊन तो बागायत बघायचा, बंदूक बघायचा आणि माझ्याकडे बघायचा. सासूबाईंनी पुन्हा मुंबई पाहिली नाही. त्या त्याच घरात, पुष्कळ म्हाताऱ्या होऊन, बोलत बोलत गेल्या.